आठशे किलोमीटर सरकलेली लंका

लंकेची ओळख मराठी माणसाला शाळेत जायच्या आधीच होते. ती सोन्याची असते, तिच्या राजाला दहा तोंडे असतात आणि तिला जाळायला एक शेपटी पुरते. पुढे भूगोलाच्या पुस्तकात ती थेंबाच्या आकाराने भेटते आणि चहा, रबर, दालचिनी एवढ्यावर तिची बोळवण होते. गेल्या एप्रिलात, म्हणजे २०२५ साली, आम्ही तिघे जी लंका पाहायला गेलो ती या दोन्हींहून निराळी. ती एका इंग्रज लेखकाची लंका. आणि वाचकहो, या गृहस्थाने ती होती तिथे राहू दिली नाही. उचलून आठशे किलोमीटर दक्षिणेला नेऊन ठेवली!

आर्थर सी. क्लार्क हे त्यांचे नाव. जन्म १९१७ चा, इंग्लंडातल्या माइनहेड गावचा. तरुणपणी लंडनमध्ये सरकारी हिशेब तपासण्याची नोकरी, महायुद्धात हवाई दलात रडारचे काम आणि युद्ध संपल्यावर किंग्ज कॉलेजातून भौतिकशास्त्र व गणिताची पहिल्या वर्गातली पदवी. १९५६ साली समुद्रात बुड्या मारायच्या ओढीने ते सिलोनला येऊन राहिले आणि १९ मार्च २००८ रोजी कोलंबोतच वारले. एवढ्या अर्ध्या शतकात त्यांनी दोन हातांनी लिहिले. एका हाताने विज्ञानकादंबऱ्या, दुसऱ्या हाताने सामान्य वाचकाला शास्त्र समजावून देणारी पुस्तके.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यामुळे क्लार्क दोन ठिकाणी नांदतात. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) वरच्या मजल्यावर, कादंबऱ्यांच्या कपाटात, ‘प्रोफाइल्स ऑफ द फ्यूचर’ (१९६२) तळमजल्यावर, शास्त्राच्या कपाटात. मध्ये बावीस पायऱ्यांचा जिना. या जिन्याने वर-खाली करणारे विद्यार्थी थोडे, आणि प्राध्यापक त्याहून थोडे.

हा जिना गेल्या वर्षी आमच्या घरात आला. कन्येने शास्त्र शाखेतून बारावीची परीक्षा दिली होती, निकाल यायचा होता. तिला भौतिकशास्त्र मनापासून आवडते, आणि त्याच भौतिकशास्त्राच्या वह्यांच्या मागच्या पानांवर ती गोष्टी लिहिते. “एक काहीतरी धर,” हे वाक्य तिला आत्याने ऐकवले, मामाने ऐकवले, शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांनी तर जिन्यात थांबवून ऐकवले. माझी पंचाईत वेगळीच होती. मराठीच्या प्राध्यापकाने मुलीला “साहित्याकडे ये” म्हणावे, तर महिन्याचा जमाखर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. “येऊ नकोस” म्हणावे, तर आपल्याच वीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडते! मी गप्प होतो. लंकेची सहल सौभाग्यवतींनी ठरवली, आणि पिशवीत क्लार्कची ‘द फाउंटन्स ऑफ पॅरडाइझ’ (१९७९) कन्येने टाकली.

त्या कादंबरीची सुरुवात सिगिरियाला होते, म्हणून आम्हीही प्रथम तिथे गेलो. सपाट रानातून एकाएकी दोनशे मीटरांच्या आसपास उंचीचा कातळ उठलेला. पाचव्या शतकात काश्यप नावाच्या राजाने बापाला मारून गादी बळकावली आणि भावाच्या भीतीने या कातळाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जाण्याच्या वाटेवर सिंहाचे दोन पंजे अजून आहेत. सिंह कधीच पडला. खाली राजाची जलउद्याने आहेत. जुन्या दगडी कारंज्यांतून पावसाळ्यात, पाण्याच्या नुसत्या दाबावर, आजही पाणी उडते. कादंबरीच्या नावातली कारंजी ती हीच.

मला मात्र थांबवले ते मध्यावरच्या आरशाच्या भिंतीने. एके काळी तिचा गुळगुळीत गिलावा चेहरा दिसेल इतका चमकत असे. आठव्या ते दहाव्या शतकांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वरची भित्तिचित्रे पाहून या भिंतीवर कविता कोरून ठेवल्या. सेनरत परणवितान या विद्वानांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे किल्ल्याच्या भिंतीवर लोक बदाम कोरतात. इथे वृत्तात कोरीत होते. सौ. म्हणाल्या, “तुमचे विद्यार्थी इथे आणा हो.” मी पुढच्या पायऱ्या चढू लागलो.

क्लार्कनी या काश्यपाचा कालिदास केला आणि सिगिरियाचा यक्कगल. त्याच्यासमोर बाविसाव्या शतकातला एक इंजिनिअर उभा केला. राजाला डोंगरावर स्वर्ग वसवायचा होता. या इंजिनिअरला पृथ्वीपासून अवकाशापर्यंत उद्वाहक बांधायचा आहे. उद्वाहक म्हणजे आपली चाळीतली, बहुधा बंद असलेली, लिफ्ट.

ही कल्पना काय, ते कन्येने मला कँडीहून हॅटनला जाणाऱ्या आगगाडीत समजावून दिले. गाडी चहाच्या मळ्यांतून वळणे घेत चढत होती. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरांवर उपग्रह ठेवला, तर त्याची फेरी आणि पृथ्वीची गिरकी एकाच वेळात पुरी होते. खालून पाहणाऱ्याला तो ध्रुवासारखा अढळ दिसतो. आता अशा उपग्रहावरून विहिरीत दोर सोडावा तसा खाली दोर सोडायचा, आणि तोल राहावा म्हणून तितकेच वजन वरच्या बाजूला सोडायचे. दोर जमिनीला टेकला की झाली लिफ्ट! उंच मनोऱ्याची कल्पना रशियाच्या त्सिओल्कोव्स्कींनी १८९५ साली मांडली होती. वरून दोर सोडण्याची युक्ती युरी आर्त्सुतानोव या रशियन इंजिनिअरची, १९६० सालची. एवढे स्वतःचे वजन पेलणारा इतका लांब दोर अजून कोणाला करता आलेला नाही. कादंबरीत क्लार्कनी तो हिऱ्याच्या अखंड तंतूचा केला आहे.

“पण बाबा, अडचण अशी,” कन्या म्हणाली, “की अढळ उपग्रह विषुववृत्तावरच राहतो. आणि लंका विषुववृत्तावर नाही.”

“मग?”

“मग त्यांनी लंकाच हलवली. आणि तसे सांगूनही टाकले आहे. बेट आठशे किलोमीटर दक्षिणेला सरकवले, पवित्र डोंगराची उंची दुप्पट केली आणि तो डोंगर यक्कगलच्या जवळ आणला. हे तीन फरक केले, बाकी भूगोल खरा.” तिने पुस्तकाच्या मागे आकडेमोड केली. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आठशेला भागले की सात अंश आणि वर थोडे. लंका उत्तरेला सहा ते दहा अंशांच्या दरम्यान आहे. “बरोबर बसते बाबा! हा माणूस थाप मारतो, पण थापेची पावती फाडून देतो.”

हिशेब तपासण्याची जुनी नोकरी माणसाला अशी जन्मभर पुरते. मी पंचवीस एक वर्षे कथा-कादंबऱ्या वाचीत आणि शिकवीत आलो, पण लेखकाने आपल्या कल्पनेचा असा चोख जमाखर्च वाचकापुढे ठेवलेला मला आठवेना. शास्त्राची पुस्तके लिहिणारा क्लार्क कादंबरीकार क्लार्कच्या टेबलाशी बसून कीर्द लिहीत होता, असेच म्हणावे लागते.

उंची दुप्पट केलेला तो पवित्र डोंगर म्हणजे श्रीपाद. खरी उंची २,२४३ मीटर, आणि पायऱ्या पाच हजारांवर. तो दुप्पट करण्याची कल्पना ज्याला सुचली त्याने माझे गुडघे पाहिले नव्हते! मध्यरात्रीनंतर आम्ही चढायला लागलो. वाटेवर दिव्यांची माळ, मध्येमध्ये चहाची दुकाने; तिथे बिनदुधाचा चहा आणि सोबत गुळाचा खडा मिळतो. गुळाला ते ‘हकुरू’ म्हणतात. चढणारे-उतरणारे एकमेकांना ‘करुणावै’ म्हणून अभिवादन करतात. आपल्या करुणेचाच तो शब्द. आळंदीच्या वाटेवर चालल्यासारखे वाटले. माथ्यावर खडकात पावलाची एक मोठी खूण आहे. बौद्धांना ती बुद्धाची, हिंदूंना शिवाची, मुसलमानांना आदमची. तिघेही त्याच पायऱ्या चढतात आणि तिघांचेही पाय सारखेच दुखतात.

सूर्य उगवला आणि डोंगराची सावली पश्चिमेच्या धुक्यावर पडली. आखून काढावी तशी, नेमकी त्रिकोणी. सगळा डोंगर हात जोडून उभा होता. एका फार वयस्क बाईंना दोन नातू दोन्ही बाजूंनी धरून वर आणीत होते. वर एक घंटा आहे. जितक्यांदा चढून आलात तितके टोल द्यायचे. बाईंनी दोर हातात घेतला. मी बारापर्यंत मोजले, मग मोजायचे सोडले.

“बाबा,” कन्या हळूच म्हणाली, “यांनी म्यूनिकला १९७९ साली याच विषयावर शास्त्रज्ञांपुढे निबंध वाचला. त्याच वर्षी कादंबरीही आली. एकच गोष्ट दोनदा का सांगितली असेल?”

मी त्या बाईंकडे बोट केले. कादंबरीत इंजिनिअरला आपला दोर उतरवायला हाच माथा हवा असतो, आणि इथे भिक्षूंचा मठ असतो. मठ हलायला तयार नसतो. दोराला किती ताण बसेल, तो कशाचा करावा, हे निबंध सांगेल. पण तो जिथे उतरायचा तिथून कोणाला उठावे लागेल, आणि उठताना त्याला काय वाटेल, हे सांगायला गोष्टच लागते. निबंध नसता तर ही गोष्ट नुसती परीकथा झाली असती; गोष्ट नसती तर निबंधातला डोंगर ओसाडच राहिला असता. मी हे सगळे तिला तिथे बोलून दाखवले नाही. “त्या आजींसाठी,” एवढेच म्हणालो. ती बराच वेळ घंटेकडे पाहत राहिली.

कोलंबोला उतरलो तेव्हा शहर घामाने भिजलेले होते. बार्न्स प्लेस नावाच्या सावलीच्या रस्त्यावर क्लार्क राहत असत. त्यांच्या घराच्या गच्चीवर १९७५ साली आपल्या ‘इस्रो’च्या इंजिनिअरांनी उपग्रहाचे कार्यक्रम घेणारी मोठी तबकडी बसवून दिली होती. ते साल आपल्या ‘साइट’ प्रयोगाचे. अमेरिकेच्या उपग्रहावरून भारतातल्या २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखवले गेले. ही तबकडी म्हणजे एका अर्थी गुरुदक्षिणाच. ऑक्टोबर १९४५ मध्ये, अवकाशात एकही उपग्रह नसताना, ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात क्लार्कनी लिहून ठेवले होते की, असे तीन अढळ उपग्रह साऱ्या पृथ्वीला संदेश पोचवतील. मात्र त्यात माणसे बसून यंत्रे सांभाळतील, असे त्यांनी धरले होते. तो लेख काही गोष्ट नव्हती. पण गोष्टी रचणाऱ्याखेरीज तो कोणाला सुचला असता, असे वाटत नाही.

संध्याकाळी गॉल फेसच्या हिरवळीवर पतंग उडत होते. तिथे कन्येने आणखी एक किस्सा ऐकवला. क्लार्क आणि अमेरिकेतले आयझॅक ॲसिमॉव हे दोघेही दोन्ही हातांनी लिहिणारे. त्यांनी आपसांत गमतीचा तह केला होता: विज्ञानलेखनात ॲसिमॉव पहिले, क्लार्क दुसरे, विज्ञानकथेत क्लार्क पहिले, ॲसिमॉव दुसरे, आणि दोघांनी चारचौघांत तसेच सांगायचे. १९७२ च्या एका पुस्तकाची अर्पणपत्रिका क्लार्कनी या तहाला धरूनच लिहिली. सौ. म्हणाल्या, “म्हणजे दोन्हींत दुसरे यायची तयारी असली, तर दोन्ही करता येतात.” आमच्या घरात महिनाभर चाललेल्या चर्चेत एवढे शहाणे वाक्य कोणीच बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बोरेल्लाच्या कनत्त स्मशानभूमीत गेलो. क्लार्कची समाधी साधी आहे. हा माणूस पोक्त कधी झाला नाही, पण त्याची वाढही थांबली नाही, अशा अर्थाच्या ओळी तिच्यावर आहेत.

घरी आलो. पुढे २० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन करणारा हा शास्त्रज्ञ मराठीत ‘यक्षांची देणगी’ लिहितो आणि ‘आकाशाशी जडले नाते’ही लिहितो. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांना युनेस्कोतर्फे मिळणारे कलिंग पारितोषिक क्लार्कना १९६१ साली, नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांना १९६७ साली आणि नारळीकरांना १९९६ साली मिळाले. हॉइलही कादंबऱ्या लिहीत. तिघांचेही दोन हात! आमच्या ग्रंथालयात नारळीकरही दोन मजल्यांवर आहेत. त्या दिवशी दोन्ही मजल्यांवरची त्यांची पुस्तके मी घरी घेऊन आलो, आणि ती कन्येच्या टेबलावर एकावर एक ठेवली.

तिने बी.एस्‌सी.ला प्रवेश घेतला आहे, भौतिकशास्त्र घेऊन. “एक काहीतरी धर” म्हणणारे थोडे शांत झाले आहेत. गणपतीच्या सुट्टीत तिने एक गोष्ट लिहिली. ती मागच्या पानांवर नाही. त्यासाठी निराळी वही आहे. गोष्ट कळसूबाईच्या डोंगरावर घडते. पहिल्या पानावर, गोष्ट सुरू व्हायच्या आधी, दोन ओळी आहेत: कळसूबाईची खरी उंची १,६४६ मीटर, या गोष्टीत ती दुप्पट, म्हणजे ३,२९२ मीटर, धरली आहे.

मी गुणाकार करून पाहिला. बरोबर आहे.