वहिनी, आता तुझ्याबद्दल

प्रिय वहिनी,

परवा फोनवर बाबांची झोप, जेवण, गोळ्या सगळं सांगितलंस. तुझं काहीच नाही. म्हणून हे पत्र.

दुपार कलली की बाबा बूट चढवून दाराशी उभे राहतात, "सेकंड शिफ्ट चुकेल" म्हणतात. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, ते दादा त्यांना पटवायला जातो आणि बाबा घर डोक्यावर घेतात. तू मात्र म्हणतेस, "बाबा, आज पाळी बदललीय. उद्या फर्स्टला जायचंय." चहा पुढे करतेस, बूट निघतात. हे तुला कुणी शिकवलं नाही. चौकला, खालापुरात, कर्जतला आणखी कुणी सून, कुणी बायको अशीच एकटी वाट शोधत असेल. तुझी युक्ती तिला कळावी, तिची तुला, यासाठी आधारगट हवा.

आणि रडायलाही. "कधी कधी त्यांचा राग येतो" हे तू तिथे बोललीस, तर कुणी "असं बोलू नये" म्हणणार नाही. त्या सगळ्याजणी त्यातूनच जात असतात.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना बाबांसारखा स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. शंभरात सातांहून जास्त. मग आपल्या तालुक्यात का नसतील? पण 'म्हातारचळ' म्हणून घराबाहेर शब्द जात नाही.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया १९९२ पासून अशा कुटुंबांना आधार द्यायचं काम करते आहे. पण आधारगटासाठी मुंबईला जायचं तर खोपोलीहून लोकलचे दोन तासांच्या वर, तितकेच परतीचे. तोवर बाबांजवळ कोण? नेरळला 'डिग्निटी' या ज्येष्ठांच्या वसाहतीत अशा रुग्णांची देखभाल होते, मात्र ती तिथे राहणाऱ्यांसाठी. आपल्याला तर बाबा घरीच हवेत.

म्हणून आपणच सुरुवात करूया. कुणाच्या घरी असं माणूस आहे, हे घरोघर फिरणाऱ्या आशा सेविकेला, आपल्या आशाताईंना, नक्की ठाऊक असतं. चार घरं मिळाली तरी पुष्कळ. महिन्यातून एक रविवार, शाळेचा एखादा वर्ग, तासभर. एक खोली रुग्णांसाठी ठेवू, म्हणजे त्यांना घरी सोडून येता येत नाही म्हणून कुणी अडणार नाही. तिथे भजनं लावू, निवडायला शेंगा देऊ; बाबांचे हात अजून छान चालतात.

पहिल्या रविवारी त्या खोलीत मी बसेन. शनिवारी रात्रीच येते. आशाताईंशी तेवढं बोलून ठेव.

तुझी,
धाकटी नणंद