हाय-फाय, दहा बाय बारा आणि बाबांचे कान

गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय गाजतोय. म्युझिक सिस्टीम बदलायची की नाही?

आधी पात्रपरिचय. अँप्लिफायर १९९४ सालचा, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा. बाबांनी बँकेतल्या पहिल्या मोठ्या एरियर्समधून घेतलेला. चॅनेलला ३० वॉट. सोबत आठ इंची वूफरचे दोन लाकडी स्पीकर, ज्यांच्यावर आई गेली तीस वर्षं कुंड्या ठेवायचा प्रयत्न करते आहे. हे सगळं आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये (पुण्यात याला हॉल म्हणतात).

बाबांची तक्रार अशी : "अरे, पूर्वीसारखं वाजत नाही. तानपुऱ्याची जवारी गेली. डग्गा नुसता घुमतो." गेलं वर्षभर त्यांनी रविवारी सकाळी रेकॉर्डिंग लावणंही हळूहळू बंद केलं होतं. मला खरी काळजी त्याची होती. भीमसेन लावल्याशिवाय ज्या माणसाची दाढी होत नसे, तो आता पेपर वाचत गप्प बसायला लागला होता.

माझ्याकडे दीड लाख बाजूला पडले होते. इच्छाही होती, खोटं कशाला बोला! नवा स्ट्रीमिंग अँप, चांगले बुकशेल्फ स्पीकर, सगळं कार्टमध्ये टाकून तयार. आईचं मत साउंडबारला, कारण धूळ कमी बसते. पण धंद्याने इंजिनियर पडलो. लॉग न बघता सर्व्हर बदलणाऱ्याला आम्ही ऑफिसात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

तर मंडळी, आवाजाची एक साखळी असते : गाणं, डॅक, अँप, स्पीकर, खोली. एकेक कडी तपासायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

डॅकचा निकाल लवकर लागला. १९८२ साली आलेल्या सीडीचे १६ बिट म्हणजे सुमारे ९६ डेसिबलची रेंज. आमच्या हॉलमध्ये पंखा, फ्रीज आणि खालच्या रिक्षा धरल्या तर त्यातली निम्मीसुद्धा वापरात येत नाही. आजचा साधा डॅकही यापेक्षा चांगला असतो.

अँप. इथे बरेच जण वॉटवर फसतात. ३० चे ६० वॉट केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर, ३०० वॉट. सोसायटीची नोटीस वेगळी. तरीही मित्राचा महागडा अँप आणला, व्होल्टमीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला (जरा मोठा वाजणारा नेहमी 'चांगला' वाटतो, म्हणून हे करावंच लागतं) आणि डोळे मिटून वीस वेळा ओळखायचा प्रयत्न केला. अकरा बरोबर. नाणं उडवूनही एवढे आले असते.

स्पीकरची जाळी काढली तेव्हा मात्र दोष सापडला. वूफरच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होऊन खाली आला. फोमचं हे होतंच, दहा-वीस वर्षं आणि आपली दमट हवा. कोन शाबूत होते. तपकीर गल्लीत चौकशी करून एका कारागिराकडून नवा फोम बसवून घेतला, दोन्हींचे मिळून अडीच हजार. अँपमधले सुकलेले कपॅसिटरही बदलले.

मग खोली. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झला आवाज अडकतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ ला. मोजायचा माइक आणून रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं, तर ग्राफवर तिथे टेकड्या दिसल्या. त्यात स्पीकर अगदी कोपऱ्यात, कोपरा खर्ज आणखी फुगवतो. स्पीकर दीड फूट पुढे ओढले, मागे पुस्तकांचं कपाट आणलं. डग्गा जागेवर आला. बाबांनी मान डोलावली.

पण जवारी? "नाही रे. ती नाहीच."

इथे मी अडकलो. कारण ग्राफ सांगत होता की ट्वीटर १५ किलोहर्ट्झपर्यंत व्यवस्थित वाजतोय. आणि मला जवारी ऐकू येत होती. तारेखालच्या त्या दोऱ्यामुळे वरचे स्वरांश चमकतात, ते सगळे तिथे होते. साखळीत एकच कडी तपासायची राहिली होती आणि ती सोफ्यावर बसली होती.

हे बोलायचं कसं? अँपची तपासणी सोपी असते हो, त्याला वाईट वाटत नाही. चार दिवस मी विषय टाळला. शेवटी म्हटलं, "बाबा, सगळं तपासलं, आता आपण दोघांचे कान तपासून घेऊ." दोघांचे, म्हणून तयार झाले.

ऑडिओलॉजिस्टने दोन ग्राफ हातात दिले. माझा सरळ. बाबांचा ५०० हर्ट्झला ठीक, आणि पुढे सिंहगडाच्या उतारासारखा. चार किलोहर्ट्झला ५५ डेसिबल खाली. वयानुसार कानाच्या आतल्या केसपेशी झिजतात, उंच स्वरांच्या आधी, आणि त्या परत येत नाहीत. 'स', 'श', 'फ' ही व्यंजनंही त्याच भागात. म्हणून टीव्ही मोठा, म्हणून फोनवर "काय? काय?", म्हणून लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची.

बाबा बराच वेळ ग्राफकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे अँप ठीक आहे."

तुम्ही म्हणाल, ट्रेबल वाढवा की! गणित करा. चार किलोहर्ट्झला फक्त ३० डेसिबल उचलायचे तर तिथे हजारपट पॉवर. ट्वीटर जळेल आणि त्याआधी आई घर सोडेल. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. प्रत्येक कानाला, प्रत्येक पट्टीत, हवं तेवढंच वाढवायचं काम श्रवणयंत्राचं, हाय-फायचं नव्हे.

तर दीड लाखातला मोठा वाटा तिकडे गेला. आठवडाभर घरी वापरून बघायला मिळालं, ते बरं झालं. कारण पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "बासरी थरथरते." यंत्रातली शिट्टी दाबणारी यंत्रणा लांब, स्थिर स्वरालाच शिट्टी समजते! बोलण्यासाठी बनवलेल्या यंत्रापुढे तानपुरा म्हणजे बगच. ऑडिओलॉजिस्टने संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, ती यंत्रणा जवळजवळ बंद, गोंगाट कमी करणारं सेटिंगही बंद. तुमच्या घरी कुणी यंत्र घेणार असेल आणि गाणं ऐकणारं असेल, तर हा प्रोग्रॅम मागून घ्या. आपण होऊन कुणी विचारेलच असं नाही.

जवारी आली का? आली. "पण जरा पत्र्याची वाटते," असा बाबांचा अहवाल आहे. मेंदूला या नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात म्हणे. वाट बघतोय. रविवारचं गाणं मात्र पुन्हा सुरू झालंय, दाढीसकट.

टीव्हीचा आकडा ३८ वरून १९ वर आला. तोटा एकच : आई स्वयंपाकघरात पुटपुटते ते बाबांना आता ऐकू येतं. कार्ट मी रिकामी केलेली नाही. पण चार किलोहर्ट्झ घरातल्या प्रत्येकाला ऐकू येतं का, हे आधी बघून घ्या, एवढंच सांगणं. असो, दाढी आटोपलेली दिसते. बाबा हाक मारतायत, ट्रॅक बदलायचाय.