बांधलेले इंजिन फिरत नसेल तर

चिरंजीव पुतण्यास, मु. मूर्तिजापूर, जि. अकोला


नव्याने बांधलेले इंजिन पान्याने फिरत नसेल, तर गाडीला टोचन लावून ते मोकळे करू पाहणे हे इंजिनाचा जीव घेण्यासारखे आहे. कारण अशा ओढीत बेअरिंग, म्हणजे क्रँक ज्यांत फिरतो ती मऊ धातूचा थर दिलेली अर्धगोल पाती, खरवडली जातात आणि घासून आणलेल्या क्रँकवर चरे पडतात.

प्रथम स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा विरोध उरत नाही, आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टाला पाना लावून फेरा हळूहळू पुरा करावा. नव्या रिंगांमुळे थोडा जडपणा राहतोच. परंतु एकाच जागी येऊन क्रँक ठोस अडत असेल, तर टायमिंग चुकून पिस्टन व्हॉल्व्हला टेकत असण्याचा संभव असतो, आणि सगळा फेराच सारखा घट्ट असेल, तर दोष बहुधा बेअरिंगांत असतो.

तो शोधताना कनेक्टिंग रॉडच्या आणि नंतर मेन बेअरिंगच्या कॅप एकेक ढिल्या करून दर वेळी क्रँक फिरवावा. मेन कॅपवर क्रमांक असतात, कारण त्यांचे भोक ब्लॉकला जोडूनच कापलेले असते. म्हणून एकीची जागा दुसरीला दिली किंवा कॅप उलटी बसवली, की गोलाई बिघडते. क्रँक ०.५० मिमी घासलेला असता बेअरिंग ०.७५ मिमीचे आले, तर बोल्ट कसताच क्रँक आवळला जातो, आणि ही चूक पात्याच्या पाठीवरचा आकडा वाचला की उमगते. क्रँक व बेअरिंग यांमधली फट बऱ्याच मोटारींत ०.०३ ते ०.०६ मिमी एवढीच असते. कापसाच्या आणि काळ्या मातीच्या या मुलखात चिंधीचा धागा किंवा धुळीचा कण पात्यामागे राहिला, तरी ती संपते.

मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन ज्या गावच्या शकुंतला रेल्वेने १९९४ पर्यंत चालवले, तेथे यंत्राशी सबुरीने वागण्याची परंपरा जुनी आहे, आणि ती गॅरेजमध्येही टिकली पाहिजे. यापुढे प्रत्येक कॅप तेल लावून, टॉर्क पान्याने ठरल्या मापाला कसून, लगेच क्रँक फिरवून पाहावा, म्हणजे दोष जिथे शिरला तिथेच हाती लागतो. सध्या मात्र क्रँक पुन्हा घासायला पाठवण्यापूर्वी पात्यांवरचे आकडे पाहून कळवावे.

काकांचे आशीर्वाद