ओळ कुठं तोडायची?

मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या ई-अंकाची मांडणी माझ्याकडे आली. मला मराठी टायपिंग येतं, एवढीच माझी पात्रता! निपाणीत बाबांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर बघतच मी वाढले. त्यामुळं 'त्यात काय एवढं?' असंच वाटत होतं.

अंक निघाला. दुसऱ्या दिवशी खानापूरकडची एक ज्युनिअर कॅन्टीनमध्ये भेटली. म्हणाली, "ताई, माझी कविता अशी नव्हती." तिच्या लांब ओळी रकान्यात बसेनात, म्हणून मी त्या मध्येच तोडल्या होत्या. मागे गुलाबाचं चित्रही टाकलं होतं. कविता तिच्या वारलेल्या आजीवर होती.

"शब्द सगळे तेच आहेत की गं," मी म्हणाले. ती काही न बोलता निघून गेली. यंदा तिनं कविताच दिलेली नाही.

हे मनात सलत असतानाच अरुण कोलटकरांबद्दल वाचनात आलं. ते कोल्हापूरचे. आम्हा निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ! मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात ते शिकले आणि जाहिरात क्षेत्रात ग्राफिक डिझायनर म्हणून नावाजले. 1950 च्या दशकात दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्यासोबत त्यांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं. प्रस्थापित मासिकांत ज्यांना जागा नव्हती, अशा तरुणांनी पुढं असे कितीतरी अंक काढले. बरेचसे सायक्लोस्टाइलवर. मेणकागदावर अक्षरं उमटवायची, शाईचा रूळ फिरवायचा. पैसा नाही, रंग नाहीत. हाताशी फक्त अक्षरं आणि कोरी जागा.

1976 मध्ये कवींनीच मिळून चालवलेल्या 'क्लिअरिंग हाउस'ची पहिली चार पुस्तकं आली. त्यांत कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' होती. मुखपृष्ठं त्यांनीच केली, स्वतःच्या पुस्तकाचं आणि मित्रांच्याही. जो माणूस स्वतः ओळ लिहितो, त्याला दुसऱ्याची ओळ कुठं थांबते हेही दिसत असणार.

आणि मी? मी तिची कविता वाचलीच नव्हती. रकान्यात किती बसते, तेवढं मोजलं होतं.

सुट्टीत घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते हसले. "अगं, पत्रिकेत आम्ही आजोबांचं नावसुद्धा दोन ओळींत तोडत नाही. लोक भांडायला येतात. ती पोरगी भांडली नाही, हेच वाईट."

परवा रात्री बसून ते पान पुन्हा लावलं. पान आडवं केलं, गुलाब काढला, ओळी तिच्या वहीत होत्या तशा ठेवल्या. शेवटच्या ओळीआधी तिनं बरीच जागा सोडली होती. आजी जिथं कवितेतून जाते, तिथंच ती जागा आहे. मागच्या वर्षी मी ती 'रिकामी' म्हणून भरून टाकली होती!

पान तिला पाठवलंय, सोबत माफीचे दोन शब्द. तिनं हो म्हटलं, तर याच अंकात ते तुम्हाला दिसेल.