अनुभवकथन : लेकीच्या फ्रीजरमधल्या बावीस पिशव्या



नववीच्या वर्गाला मी निबंधासाठी 'मी केलेली पूर्वतयारी' हा विषय दिला होता. जवळजवळ सगळ्यांनी परीक्षेचीच तयारी लिहिली. पहाटे पाचला उठलो, वेळापत्रक केलं, आईने चहा करून दिला. वह्या बत्तीस, पहाट एकच. मी जरा रागावले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग तुम्हीच एक लिहून दाखवा की!" म्हटलं, ठीक आहे. हा तो निबंध. यात परीक्षा नाही, स्वयंपाक आहे.

माझी लेक अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिचं बाळंतपण होतं. उन्हाळी सुट्टीला थोडी रजा जोडून मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे पोहोचले. शाळा जूनच्या मध्याला उघडणार, म्हणजे त्याआधी मला परत यायलाच हवं. आपल्याकडे राज्य शासनाच्या नोकरीत बाळंतपणाची १८० दिवसांची पगारी रजा मिळते. तिकडे सगळ्यांना लागू होईल अशी पगारी रजा देशाच्या कायद्यात नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा मिळते, पण ती बिनपगारी, आणि तीही अटींमध्ये बसणाऱ्यांनाच. जावयाची रजा तर दोनच आठवडे. मी परतल्यावर जुलैअखेरपर्यंत लेक दिवसभर बाळासोबत एकटी असणार, हे गणित विमानात बसल्यापासून माझ्या डोक्यात होतं.

तिच्या ओट्यावर एक लंबगोल, जाडजूड भांडं होतं. आत चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण. मंद, जलद आणि गरम ठेवणे, एवढ्याच त्याच्या खुणा. हा स्लो कुकर. सकाळी आठला सगळं घालायचं, मंदवर लावायचं आणि कामाला जायचं. संध्याकाळी चारपाचला जेवण तयार. शिट्टी नाही, उतू जाणं नाही. मला आधी हसू आलं. आपला प्रेशर कुकर वीस मिनिटांत डाळ शिजवतो आणि हा आठ तास घेतो! मग आजीच्या चुलीचा वैल आठवला. मुख्य चुलीवर भाकरी व्हायच्या आणि शेजारच्या वैलावर कालवण मंद आचेवर तासन्‌तास रटरटत असायचं. तेच हे, फक्त विजेवर.

या भांड्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. त्यांची आई लिथुआनियाची. त्यांच्या ज्यू धर्मात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी घेवड्याच्या आणि मांसाच्या कालवणाचं भांडं गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी आणायचे. आईच्या या आठवणीवरून नॅक्सनना कल्पना सुचली. पुढे १९७१ मध्ये एका मोठ्या कंपनीने ते 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणलं. आपल्या कोकणातले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत, हे तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकलं असेल. शनिवार तोच.

लेकीने मला तिकडची पद्धत सांगितली. भाज्या चिरून, मसाला लावून, एकेका जेवणाचं सगळं कच्चं सामान एका पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचं. लागेल तेव्हा एक पिशवी काढायची आणि कुकरमध्ये रिकामी करायची. मी म्हटलं, "एवढंच ना? तू आराम कर, मी बघते."

हा 'मी बघते' फार महागात पडला.

बाळंतपणाला दहाबारा दिवस होते. मी रात्रभर भिजवलेला राजमा, कांदा, टोमॅटो, आलं-लसूण असं सगळं सकाळी त्या भांड्यात घातलं आणि मंदवर ठेवलं. घरभर छान वास सुटला. संध्याकाळी जावई म्हणाले, "आई, दाणा जरा कचवट लागतोय का?" मी म्हटलं, "तिकडचा राजमा असाच असेल." लेकीला त्या दिवशी मळमळत होतं, तिने नुसता दहीभात खाल्ला. दोन तासांनी मला आणि जावयांना उलट्या सुरू झाल्या. रात्री एक वाजेपर्यंत चालल्या. नऊ महिन्यांची गरोदर मुलगी एका हाताने कंबर धरून आम्हा दोघांना मीठ-साखरेचं पाणी देत होती. ती दहीभाताऐवजी राजमा जेवली असती तर, हा विचार आजही माझ्या अंगावर काटा आणतो.

दुसऱ्या दिवशी मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे वाचलं. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. पाणी खळखळून उकळलं की ते नष्ट होतं. पण स्लो कुकरचं तापमान तेवढं चढेलच असं नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. चारपाच दाणेसुद्धा पुरतात! म्हणून राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात चांगला अर्धा तास उकळायचा. आपल्या प्रेशर कुकरमध्ये हे आपोआप होतं, म्हणून पंचवीस वर्षांत मला हे कधी कळायची गरजच पडली नव्हती. वर्गात 'सूचना वाचा, मग उत्तर लिहा' असं ओरडणारी मी, कुकरबरोबर आलेलं पुस्तक ड्रॉवरमधून काढलंही नव्हतं.

मग मात्र मी वही घातली. खरंच, दुरेघी वही. ४ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात, हे पहिल्या पानावर. त्यामुळे गोठलेली पिशवी थेट स्लो कुकरमध्ये टाकायची नाही, कारण मधला गोळा तासन्‌तास त्याच तापमानात राहतो. आदल्या रात्री ती फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवायची. चिकनची पिशवी असेल तर ताटलीत ठेवायची, कारण पाणी सुटतं. मोठी असेल तर पूर्ण दिवस लागतो. पिशवीत वर थोडी जागा सोडायची, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. ती आडवी, पाटीसारखी सपाट करून गोठवायची, मग पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात. कुकरमध्ये पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं, कारण वाफ बाहेर जातच नाही. आणि झाकण उघडून बघायचं नाही! एकदा उघडलं की वीस-पंचवीस मिनिटं वाढतात. मला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं. शिजतंय ते ढवळायचं नाही म्हणजे काय?

काही गोष्टी करूनच कळल्या. कच्चा बटाटा गोठवला तर काळा पडतो आणि नंतर तोंडात पाणचट लागतो. फोडणी त्या भांड्यात होत नाही, मोहरी नुसती भिजत पडते. तेव्हा फोडणी गॅसवर करून वरून ओतायची. दही, ओलं खोबरं, कोथिंबीर ऐन वेळी.

बाळ आलं, गोड मुलगी. त्या दिवसांचं इथे लिहीत नाही, तो वेगळा निबंध आहे. पहिले चाळीस दिवस मी रोज ताजंच रांधलं. मऊ भात, मुगाचं वरण, शेपू, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. जूनच्या पहिल्या आठवड्यात पिशव्या करायला घेतल्या, तेव्हा सासूबाईंचा फोन आला. त्यांना कळलंच होतं. "बाळंतिणीला बर्फातलं शिळं घालणार तू? शिकलेली ना गं तू?"

मला वाईट वाटलं, कारण हेच मीही कुणाला तरी म्हटलं असतं. शिळं अन्न बाळंतिणीला द्यायचं नाही हे मी माझ्या आईकडून शिकले. मी म्हटलं, "आई, हे शिजवलेलं नाही. निवडून, चिरून ठेवलंय फक्त. शिजणार त्या दिवशीच." राजमा आणि छोले आधी उकडून ठेवणार होते, ते मात्र मी सांगितलं नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मटकी वातूळ असते, हिंग सोडू नकोस."

तीन दिवस लागले. चिकनच्या सहा पिशव्या, मोड आलेल्या मटकीच्या पाच, मूगडाळ-दुधीच्या पाच, उकडलेल्या छोल्यांच्या तीन आणि राजम्याच्या तीन. तो राजमा प्रेशर कुकरमध्ये सहा शिट्ट्या देऊन, बोटाने चिरडून बघूनच भरला. आठवड्याला तीन पिशव्या धरल्या तर सात आठवडे निघतात. लेक बाळाला मांडीवर घेऊन समोर बसायची आणि मी चिरायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. एकदा ती म्हणाली, "आई, कांदा एवढा पुरे ना?" डोळे दोघींचेही ओले होते. कांद्याचंच निमित्त करून आम्ही विषय सोडला.

प्रत्येक पिशवीवर मी पट्टी चिकटवून मराठीत लिहिलं : पदार्थ, तारीख, 'आदल्या रात्री खाली काढणे', 'सकाळी ८ ला मंदवर', 'पाणी एक वाटी', 'झाकण उघडू नये', 'फोडणी आठवणीने'. जावयांनी एक पिशवी हातात घेऊन वाचली आणि विचारलं, "आई, हा प्रश्न किती गुणांचा?"

मी परत आले, शाळा सुरू झाली. स्लो कुकर मी आणला नाही. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०, तो इथे जळलाच असता. पण पिशव्यांची सवय लागली होती, म्हणून रविवारी दोनतीन भरून ठेवू लागले. आमच्या गावात पावसाळ्यात वीज किती तास जाईल सांगता येत नाही. त्यासाठी फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून वर एक रुपयाचं नाणं ठेवलं. एका सोमवारी शाळेतून येऊन बघते तर नाणं बर्फात, वाटीच्या तळाशी. म्हणजे मधल्या वेळात सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. तीनही पिशव्या फेकल्या. जीव हळहळला, पण राजम्याची रात्र विसरले नव्हते.

तिकडे लेकीने फ्रीजच्या दारावर बावीस चौकटी काढून ठेवल्या होत्या. पिशवी संपली की फुली. एके दिवशी बाळाला ताप आला म्हणून दोघं दुपारपासून दवाखान्यात होते. घरी यायला रात्रीचे नऊ वाजले. तिने फोनवर सांगितलं, "दार उघडलं आणि तुझ्या मटकीचा वास आला गं." फोडणी त्या दिवशी कुणीच दिली नाही, तशीच खाल्ली म्हणे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती कामावर रुजू झाली. त्या दिवशी आपल्याकडे पहाट होती, मी डबा भरत होते. फोन वाजला.

"आई, आज बाविसावी. दुधीची."

"झाली का नीट?"

"मीठ कमी आहे."

"वरून घाल."

"घातलं," ती म्हणाली. मागून बाळाचा आवाज येत होता.