पंचवीस कोस आणि एक खोटा आकडा

वाराणसीला पोस्टिंग आल्याचं कळवलं, तेव्हा सातारकरचा पहिला प्रश्न होता, "काशी उत्तम रे, पण चढणार कशावर?"

सातारकर हे त्याचं आडनाव नाही. खडकवासल्याला पहिल्या टर्ममध्ये पडलेलं ते नाव आहे आणि आता त्याची बायकोसुद्धा त्याला तेच म्हणते. तो माझा कोर्समेट. लवकर निवृत्ती घेऊन पुण्यात स्थायिक झालाय. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी ठरवलं की येत्या जूनमध्ये कालिंदी खाल करायची. गंगोत्रीहून निघायचं, हिमनद्यांवरून चालत सुमारे 5,950 मीटर उंचीची खिंड ओलांडायची आणि पलीकडे बद्रीनाथला उतरायचं. आमच्याबरोबर तिसरा आहे एक तरुण डॉक्टर. आर्मी मेडिकल कोअरचा, मूळचा नांदेडचा.

सातारकरचा प्रश्न रास्त होता. वाराणसी समुद्रसपाटीपासून जेमतेम 80 मीटरवर आहे. टेकडी म्हणावी असं काही जवळपास नाही. सगळ्यात मोठा चढ म्हणजे घाटाच्या पायऱ्या. मग पहाटे पाचला पिट्टूत 12 किलो भरून मी आणि डॉक्टर पायऱ्या चढू-उतरू लागलो. तिसऱ्या दिवशी एका नावाड्याने अगदी आस्थेने विचारलं, "साहेब, कसला नवस बोललात?"

पायऱ्यांनी दम वाढतो, पण दिवसभर चालायची सवय लागत नाही. कुठल्या तासाला पाय सुजतात, मोजा कुठे घासतो, पोटात काय टिकतं, कंटाळा आला की माणूस कसा वागतो, हे लांब चालल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी काशीत एक वाट शतकानुशतकं तयार आहे, ती म्हणजे पंचक्रोशी परिक्रमा. मणिकर्णिकेहून निघायचं, काशी उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची आणि पुन्हा मणिकर्णिकेला यायचं. एकूण 25 कोस, म्हणजे साधारण 80 किलोमीटर. वाटेत पाच मुक्काम आहेत: कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा. यात्रेकरू एरवी पाच दिवस घेतात. महाशिवरात्रीला मात्र हजारो लोक हीच वाट एका दमात चालतात. सातारकर विमानाने आला आणि आम्हीही त्या गर्दीत सामील झालो.

निघण्याआधी डॉक्टरने एक नियम घातला. दर तासाला पाच मिनिटं थांबायचं आणि प्रत्येकाने 0 ते 10 मधला एक आकडा सांगायचा. 0 म्हणजे काही दुखत नाही, 10 म्हणजे पाऊल उचलवत नाही. म्होरक्या मी होतो, म्हणून मी आधी सांगायचं.

मध्यरात्री मणिकर्णिकेवर चक्रपुष्करिणी कुंडाशी रेटारेटी होती. पलीकडे चिता जळत होत्या आणि अलीकडे लोक पाणी डोक्याला लावून "हर हर महादेव" म्हणत निघत होते. घाटाघाटाने दक्षिणेकडे अस्सीपर्यंत आलो. वाटेत अहिल्याबाई घाट लागला. विश्वनाथाचं आजचं मंदिर 1780 साली त्यांनीच बांधवलं. त्या घाटावरून जाताना आम्ही तिघांनी न ठरवता हात जोडले. अस्सीहून वाट नदी सोडून आत वळते. अडीचला कर्दमेश्वराला पोहोचलो. त्या अंधारातही जुन्या दगडी मंदिराची कोरीव भिंत बघायला दोन मिनिटं जास्त थांबलो.

"शून्य," मी सांगितलं, आणि ते खरं होतं.

भीमचंडीला पोहोचेपर्यंत उजाडलं. गव्हाची शेतं, मोहरी, हातपंपावर पाय धुणारी माणसं. आमच्या पायांत महागडे बूट, तर बाजूने चालणाऱ्या निम्म्या लोकांच्या पायांत काहीच नाही. गावकऱ्यांनी उकडलेली रताळी हातावर ठेवली. इथे माझा उजवा गुडघा पहिल्यांदा बोलला. ही दुखापत जुनी, एका डोंगरी पोस्टिंगमधली. मी विसरलो होतो, गुडघा विसरला नव्हता.

"एक," मी म्हणालो. खरा आकडा तीन होता.

भीमचंडी ते रामेश्वर हा सगळ्यात लांब टप्पा आहे, सात कोसांचा. ऊन चढलं. पुढच्या थांब्यावर मी "दोन" म्हणालो, तेव्हा पाच होता. त्याच्या पुढच्या थांब्यावरही "दोन", तेव्हा सहा. मधे एकदा लघवीच्या निमित्ताने बाजूला गेलो आणि वेदनाशामक गोळी घेतली. सातारकरने टाचेला फोड आल्याचं सांगितलं, "चार" म्हणाला, बूट काढून पट्टी लावून घेतली. मला त्याची थोडी गंमतही वाटली, की हा आता सिव्हिलियन झाला.

अकादमीतला एक कॅम्प आठवत होता. पिट्टू, रायफल, पायात फुटलेले फोड, मोजा रक्ताने चिकटलेला. मी कुणालाही काही न सांगता शेवटपर्यंत आलो होतो. रात्री सीनियरने पाठ थोपटली. एकोणीस वर्षांच्या मुलाला तेवढी थाप आयुष्यभर पुरते. मला तर ती पंचवीस वर्षांहून जास्त पुरली.

दुपारी एकच्या सुमारास रामेश्वर आलं. मंदिराजवळ वरुणा नदी वाहते. पाय बुडवायला आम्ही पायऱ्यांनी खाली उतरलो. मी पाण्याशी पोहोचलो तर सातारकर वरच उभा राहून माझ्याकडे बघत होता.

"तू आडवा का उतरतोयस?"

"सहज."

"कॅम्पमध्ये असाच उतरायचास. आकडा सांग. खरा."

मी सांगितला. सात.

डॉक्टरने गुडघा दाबून, वाकवून पाहिला. बाहेरच्या बाजूला सूज होती. मी म्हणालो, "शिवपूरपर्यंत येतो. चारच कोस आहे. तिथून कॅन्टोन्मेंट जवळ."

डॉक्टर एरवी हळू बोलतो. तेव्हाही हळूच बोलला, "सर, कालिंदीच्या बर्फावरही तुम्ही हेच म्हणाल. इथे सपाटीवर गुडघा सुजलाय, तिथे सलग उतार आहे. आणि खरं सांगू? गुडघा निदान दिसतो तरी. तिथे उंचीचा त्रास सुरू होईल तो डोकेदुखीने. डोकेदुखी माझ्या कुठल्याच यंत्रात दिसत नाही. माणूस सांगेल तेवढंच मला कळतं. तुम्ही 'एक' म्हणालात तर मी 'एक' धरून सगळ्यांना वर नेणार."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिमनदीवर आम्ही तिघं एकाच दोरावर असणार. भेगेत एक घसरला तर बाकीच्या दोघांनी त्याला धरायचं. माझा गुडघा ऐन वेळी दगा देणार असेल, तर ते त्या दोघांना आधी ठाऊक असायला हवं. वीस वर्षं जवानांना मी हेच सांगत आलोय, की दुखणं लपवू नका, वेळेवर रिपोर्ट करा. स्वतःवर वेळ आली तेव्हा एकोणीस वर्षांचा पोरगा जागा झाला.

मी रामेश्वरला थांबलो. 15 कोस झाले होते, 10 राहिले होते. ते दोघं पुढे गेले आणि मी ऑटोत बसलो. ऑटोवाल्याने विचारलं, "बाबूजी, परिक्रमा पूर्ण झाली?" मी "नाही" म्हणालो. एवढा एक शब्द बोलायला बराच जोर लागला.

रात्री पावणेबाराला ते दोघं मणिकर्णिकेला पोहोचले. मी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन पायरीवर बसलो होतो. सातारकर लंगडत होता, डॉक्टर अर्धवट झोपेत होता. डॉक्टरने खिशातून चार जवाचे दाणे काढून माझ्या हातावर ठेवले. कपिलधारेच्या पुढे यात्रेकरू वाटेवर जव टाकत चालतात, त्यातले त्याने माझ्यासाठी ठेवले होते. "सर, उरलेले 10 कोस करताना टाका."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. कालिंदीला म्होरक्या सातारकर असेल. मी आठ आठवडे गुडघ्याचे व्यायाम करायचे, आणि मेच्या सुरुवातीला पुण्याला जाऊन त्याच्याबरोबर पिट्टूसह सिंहगड चढून-उतरून दाखवायचा. उतरताना आकडा तीनच्या वर गेला, तर मी गोमुखापर्यंत सोबत जाईन आणि तिथून परत फिरेन. तिसरी गोष्ट, आकडा आधी म्होरक्याने सांगायचा हा नियम बदलला. आता सगळ्यात आधी मी सांगतो.

आज सकाळी पायऱ्या उतरताना दोन होता. डॉक्टरला दोनच सांगितला. जवाचे दाणे टेबलाच्या खणात आहेत.