पाण्यांमधली खिंड

जन्माचा बहुतेक काळ ज्याने सह्याद्रीच्या आश्रयाने, आणि त्यातही मोजणी खात्याच्या चाकरीत घालवला, त्याच्या मनात अरण्य आणि चढण या दोन कल्पना इतक्या एकजीव झालेल्या असतात की, ज्या मुलखात डोंगर म्हणून काही नाहीच तेथे पायी हिंडण्याजोगे अरण्य असेल, यावर त्याचा सहजासहजी विश्वास बसत नाही. फ्लॉरिडा संस्थानातील सर्वांत उंच स्थळ, ब्रिटन हिल, समुद्रसपाटीपासून अवघे १०५ मीटर आहे. आमचे कळसूबाईचे शिखर १,६४६. हे दोन आकडे मनाशी बाळगून मी जॅक्सनव्हिलला कन्येकडे मुक्कामास गेलो होतो, आणि "बाबा, थंडी आहे तोवर जंगलात चालून येऊ, उन्हाळ्यात इथे पाऊल टाकवत नाही," असे तिने सुचवले तेव्हा मी होकार दिला तो मुख्यतः पित्याच्या कर्तव्यबुद्धीने.

शहराच्या पश्चिमेस ओसिओला राष्ट्रीय वन आहे. १९३१ साली सरकारने ते राखीव केले आणि त्याला ज्या सेमिनोल पुढाऱ्याचे नाव दिले, त्याला त्याच सरकारच्या फौजेने १८३७ साली तहाच्या पांढऱ्या निशाणाखाली बोलावून कैद केले होते. राज्यकर्त्यांची कृतज्ञता पुष्कळदा अशी सवडीने येते. अक्षांश म्हणावा तर जवळजवळ आपल्या हरिद्वारचा, परंतु हवा उपोष्ण आणि दमट, भूमी वालुकामय, आणि त्या वाळूखाली पुष्कळ ठिकाणी असा एक घट्ट थर की पावसाळ्याचे पाणी खाली न मुरता आठवडेच्या आठवडे वरच साचून राहावे. या वनातून 'फ्लॉरिडा ट्रेल' नामक दीर्घ पायवाटेचा एक भाग जातो. जिम कर्न नावाच्या गृहस्थाने १९६६ साली सुमारे १६० मैल पायी चालून या सपाट संस्थानालाही स्वतःची पायवाट हवी, हा विचार लोकांपुढे मांडला, स्वयंसेवकांची संस्था उभी केली, आणि १९८३ मध्ये त्या वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला. झाडांच्या बुंध्यांवर नारिंगी रंगाच्या उभ्या खुणा असतात. एकीच्या जागी दोन दिसल्या की वळण आले असे समजावे. हद्दीचे दगड शोधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ही व्यवस्था चटकन अंगवळणी पडली.

पहिला तासभर मी काय पाहिले असे कोणी विचारले असते तर पाइन, पाइन आणि पाइन, एवढेच उत्तर देता आले असते. वृक्ष सरळ, विरळ, एकमेकांपासून अंतर राखून उभे; खाली झुडपांची दाटी नाही, गुडघाभर वायरग्रास आणि मधूनमधून पाल्मेटोचे पंखे; आणि त्या विरळपणामुळे दृष्टी इतकी दूरवर जाते की वनात असूनही आपण एखाद्या विस्तीर्ण सभामंडपात चालत आहोत असे वाटावे. हा लाँगलीफ पाइन. याच्या सुया फूट-दीड फूट लांबीच्या असतात. एके काळी अमेरिकेच्या आग्नेय भागात अशी वने सुमारे नऊ कोटी एकर पसरलेली होती आणि आज त्यांचा अगदी लहान अंश उरलेला आहे. लाकूड गेले, शेते आली, आणि जे झाड उभे राहिले त्याच्या बुंध्यावर तिरपे घाव घालून टर्पेंटाइनसाठी राळ काढली गेली; कुमाऊँत चीडाच्या बुंध्यांवर मी पाहिलेले घाव याच जातीचे.

पण या वनाचा खरा तपशील त्याच्या बाल्यावस्थेत आहे. कन्येने वाटेच्या कडेला एक हिरवा झुबका दाखवला तेव्हा मी तो गवत समजूनच पुढे निघालो होतो. ते पाइनचे रोपटे होते. कित्येक वर्षे हे झाड जमिनीलगत गवताच्या रूपातच राहते, वर वाढण्याची यत्किंचितही घाई करत नाही, आणि सारी शक्ती खाली मूळ धाडण्यात खर्च करते. मधल्या काळात वणवा आला तर बाहेरच्या सुया जळतात, परंतु त्यांच्या दाट वेढ्यातला मधला अंकुर सुरक्षित राहतो. आणि मुळाची तयारी पुरी झाली की झाड अल्पावधीत एवढे उंच होते की पुढच्या जाळाची झळ शेंड्याला पोचू नये. येथील आग मुख्यतः विजेची, आणि पुढे माणसाची. तिच्यावाचून ओक आणि इतर रुंद पानांची झाडे माजतात, पाइनच्या रोपांना ऊन मिळत नाही, वायरग्रास फुलेनासे होते. सरकारी वनखात्याला हे पटायला बराच काळ लागला. आग म्हणजे शत्रू हाच हुकूम वर्षानुवर्षे चालला, आणि १९४३ च्या सुमारास लाँगलीफच्या वनांपुरती त्याला मुरड पडली. आता ठरावीक वर्षांच्या अंतराने, वारा आणि ओल पाहून, तुकडा आखून वन मुद्दाम जाळले जाते. आम्ही अशाच एका तुकड्यातून गेलो: बुंधे पुरुषभर उंचीपर्यंत काळे, आणि खाली कोवळे, डोळ्यांना थंडावा देणारे हिरवे गवत. येथे एक सांगून ठेवतो. हे वाचून कोणी सह्याद्रीच्या उतारांना काडी लावण्याचे समर्थन करू नये. आपल्याकडील उतारांवर आग लागली म्हणजे पहिल्याच पावसात उघडी माती वाहून जाते, आणि आमच्या वनखात्याच्या जाळरेषा आगीला अडवण्यासाठी असतात, तिला आमंत्रण देण्यासाठी नव्हे.

काही वृक्षांवर पांढरे पट्टे रंगवलेले होते. रेड-कॉकेडेड सुतारपक्ष्याची ही घरे. इतर सुतारपक्षी बहुधा वठलेले लाकूड पोखरतात. हा जिवंत आणि वयस्क पाइनमध्येच ढोली करतो, आणि एका ढोलीस त्याला वर्षानुवर्षे लागतात. भोवती चोच मारून तो राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप वर चढत नाही. १९७० मध्ये त्याची नोंद नामशेष होऊ घातलेल्यांत झाली होती, २०२४ मध्ये ती एक पायरी सौम्य केली गेली. पक्षी आम्हाला दिसला नाही. राळेचे ओघळ मात्र दिसले.

दुपारच्या सुमारास समोर एक टेकडी दिसली, आणि माझे मन अंमळ सुखावले. झाडांचे शेंडे कडेपासून मध्याकडे उंच उंच होत गेलेले, अगदी घुमटासारखा आकार. जवळ गेल्यावर कळले की तो खड्डा आहे. हे सायप्रसचे वन. मध्यभागी पाणी सर्वांत खोल, म्हणून तेथील झाडे सर्वांत उंच, आणि कडेला ती खुजी होत जातात. दुरून डोंगर साजरे म्हणतात. येथे दुरून डोंगर आणि जवळून डबके. सूचिपर्णी कुळातले असूनही हे झाड हिवाळ्यात पाने टाकते, त्यामुळे ते करड्या रंगाचे नागडे खांब, त्यांवरून लोंबणाऱ्या स्पॅनिश मॉसच्या जटा (हे शेवाळ नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला अननसाच्या कुळात घालतात), आणि पाण्यातून वर आलेले मुळांचे गुडघे, यांच्यामधून फळ्यांचा एक लांबच लांब साकव गेलेला. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, पानांतल्या टॅनिनमुळे. "बाबा, फळी सोडून पाय टाकू नका, विषारी पाणसाप असतो," असे कन्येने बजावले. मी तिचा हुकूम मोडला नाही.

साकवावर उभा राहून मी मागे पाहिले आणि सकाळपासून एकसुरी वाटलेला तो प्रदेश एकाएकी वाचता येऊ लागला. पाइन म्हणजे उंच भूमी, सायप्रस म्हणजे सखल भूमी, आणि या दोहोंतला फरक पुष्कळदा हातभराचाही नाही. आम्ही ज्यासाठी दुर्बीण रोवून, पट्टी धरून, वह्याच्या वह्या भरत असू, ती समपातळीची रेषा येथे झाडांनी स्वतःच आखून दाखवलेली. दोहोंच्या सीमेवर, ओलसर गवतात, घटपर्णीचे पोकळ हिरवे नळ उभे होते. त्यांच्या टोपीला पातळ पांढुरकी गवाक्षे असतात, त्यांतून येणाऱ्या उजेडाकडे धडपडत कीटक आतच थकून पडतो. माती निकस, म्हणून पोषण कीटकांपासून घ्यायचे. साताऱ्याच्या कास पठारावरील दवबिंदू आणि सीतेची आसवे याच कारणाने मांसाहारी झाली आहेत.

वाटेचा शेवट ओलस्टीच्या रणभूमीवर होता. २० फेब्रुवारी १८६४ रोजी, अमेरिकेच्या यादवीत, जनरल सेमूरच्या हाताखालील उत्तरेची फौज जॅक्सनव्हिलहून लोहमार्गाच्या कडेने आत शिरली, आणि दक्षिणेच्या जनरल फिनेगनने तिला या टापूत अडवले. कारण एका अंगाला ओशन पाँड नावाचे मोठे सरोवर, दुसऱ्या अंगाला दलदल, आणि मधे तेवढीच कोरडी पाइनची पट्टी. पर्वतांमधल्या खिंडीवर मराठ्यांचा इतिहास उभा आहे; पाण्यांमधली खिंड मी प्रथमच पाहत होतो, आणि ती हेरणारी नजर कोणाचीही असो, ती मोजणीदाराची होती एवढे मी शपथेवर सांगेन. झाडी विरळ, आडोसा जवळजवळ नाही. उत्तरेचे १,८६१ आणि दक्षिणेचे ९४६ असे सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. माघारीच्या वाटेवर जखमींनी भरलेल्या आगगाडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा कृष्णवर्णी शिपायांची ५४ वी मॅसॅच्युसेट्स पलटण परत फिरली, डब्यांना दोर बांधले, आणि थकलेल्या त्या माणसांनी ती गाडी मैलच्या मैल हातांनी ओढून नेली.

दोन्ही सेनापतींच्या व्यूहरचनेपेक्षा ही ओढाताणच मला अधिक मोठी वाटते, असे मी कन्येला सविस्तर सांगू लागलो. तिने ते ऐकून घेतले, आणि डास आत शिरण्यापूर्वी मोटारीचे दार लावून घ्यायला सांगितले.